ऊस-कांदा आंदोलन १९८०: गावातल्या आठवणी रेकॉर्ड करतोय, कोणी असं काही केलंय का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. १९८० च्या नोव्हेंबरात आमच्या नाशिक जिल्ह्यात ऊस-कांदा आंदोलन झालं. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, या मागणीसाठी लोकांनी रस्ते अडवले, रेल्वे अडवली, तुरुंग भरले. खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. हे सगळं छापून आलेलं आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणं आणि लेखही मिळतात. मला हवंय ते कुठेच छापलेलं नाही. आमच्या गावातून किती जण गेले, कोणाच्या ट्रॅक्टरवर गेले, मागे म्हशी कोणी पिळल्या? तेव्हा पंचविशीत असलेली माणसं आता सत्तरी ओलांडून बसलीत. आमच्या गावातली तिघं मागच्या वर्षभरात गेली.

माझे चुलते (नाना) तेव्हा आठ दिवस आत होते. परवा गावी गेलो, फोन समोर ठेवला आणि म्हटलं, नाना, आंदोलनाबद्दल सांगा. चाळीस मिनिटं बोलले. घरी येऊन ऐकलं आणि कपाळावर हात मारला. सगळं भाषण! "भीक नको, हवे घामाचे दाम" पासून सुरुवात, मध्ये इंडिया विरुद्ध भारत, शेवटी कर्जमाफी. समोर हजारभर माणसं बसल्यासारखं.

रेकॉर्डिंग बंद केलं, चहा आला, आणि बिस्किट बुडवता बुडवता नाना म्हणाले, "रुळावर बसलो होतो त्या रात्री टिपूर चांदणं पडलेलं. खडी अशी गार लागायची खालून! आमच्यातल्या एकाने खिशातनं शेंगदाणे काढले आन् मोजून वाटले. सहा-सहा." हे रेकॉर्ड झालं नाही.

तर प्रश्न असे: माणसांना बोलतं कसं करायचं? केलेलं रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे? आणि या सगळ्याला काही अर्थ आहे का, की माझीच हौस?

तिरकस_तात्या
मी पयला!
सहा शेंगदाणे मोजून वाटणारा माणूस पुढे सोसायटीचा चेअरमन झाला असणार.

गोदाकाठ
@तिरकस_तात्या, सेक्रेटरी झाला. खरंच.

मीनल_क
अर्थ आहे, आणि घाई पण आहे. मी दोन वर्षं एका प्रकल्पात हेच काम केलंय (विषय वेगळा, धरणग्रस्त). माझ्या चुकांवरून सांगते.

"आंदोलनाबद्दल सांगा" असं विचारलं की माणूस स्टेजवर चढतो. त्याने ते भाषण पंचवीस वेळा केलेलं असतं, ते पाठ आहे. त्याला त्या दिवशी सकाळी गाठायचं. उठल्यावर काय केलं? शेतात काय चालू होतं? नोव्हेंबर म्हणजे तुमच्याकडे पोळ कांदा काढायला आलेला, गव्हाची पेरणी तोंडावर, ती कोणावर सोपवून निघालात? निघताना अंगात काय होतं, पायात काय होतं? घरात कोण काय म्हणालं? एवढं विचारलं की माणूस आपोआप स्टेजवरून खाली उतरतो.

दुसरं, हातात काहीतरी द्या. संघटनेचा लाल बिल्ला कोणाच्या तरी ट्रंकेत असेलच. जुना फोटो असेल तर उत्तम. फोटोतल्या माणसांची नावं सांगता सांगता भांडणं, लग्नं, व्यवहार सगळं बाहेर येतं.

तिसरं अगदी किरकोळ, पण मी यातच मार खाल्लाय. पंखा बंद करा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात येणार लोनवालीचा कॉल. फोन त्यांच्या तोंडासमोर नको, मांडीशेजारी उशीवर ठेवा. पहिल्या मिनिटात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि "हे रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" याचं उत्तर त्यांच्याच आवाजात घ्या. आणि ते बिस्किट बुडवणं सुरू झालं की रेकॉर्डर अजिबात बंद करायचा नाही. खरी मुलाखत चहापासून सुरू होते.

वऱ्हाडी_ठसा
लोनवाली 😂 आमच्या बुढ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हायेच ते. तो कापूस एकाधिकार खरेदीच्या रांगेत चार दिवस कसा गाडीखाली झोपला ते सांगून रायला, अन मधातच "सर आपको पर्सनल लोन". बुढा म्हणे, "घ्या, तवा कोनी देत नोतं."

ठेवलं तसंच. कापलं नाई.

पुरावा_दाखवा
मूळ प्रस्तावाचा आदर राखून थोडं थंड पाणी टाकतो.

पंचेचाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण म्हणजे इतिहास नव्हे. नानांचं "टिपूर चांदणं" घ्या. १९८० साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. आंदोलन १० तारखेला सुरू झालं. म्हणजे शुद्ध तृतीयेच्या आसपास. चंद्राची कोर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळते. त्या रात्री टिपूर चांदणं असणं शक्यच नाही. पुढे सिनेमात पाहिलेलं, दुसऱ्या कुठल्या तरी रात्रीचं, कोजागरीचं, असं सगळं मिसळून आठवण तयार होते. चंद्राचीच खात्री नाही तर शेंगदाण्यांची कशी द्यायची?

ही रेकॉर्डिंग करा, पण "इतिहास" म्हणून नव्हे, "आठवणी" म्हणून ठेवा एवढंच म्हणणं.

तिरकस_तात्या
शेंगदाण्यांची तिथी काढा आता.

शिवारफेरी
@पुरावा_दाखवा, तिथी काढलीत हे आवडलं. पण तुम्ही शहरात वाढलात का? आमच्याकडे चांदणं म्हणजे चांदण्या. चंद्र नसला, आभाळ निरभ्र असलं की म्हातारी म्हणायची, "चांदणं कसं टिपूर पडलंय बघ." अवसेच्या आगेमागेच तर चांदण्या खच्चून दिसतात. १९८० साली रुळाच्या कडेला कुठले दिवे?

म्हणजे नानांचं वाक्य तुमच्या पंचांगाशी तंतोतंत जुळतं. पौर्णिमा असती तर चूक ठरलं असतं.

पुरावा_दाखवा
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शब्दाचा अर्थ लावण्यात माझी चूक असू शकते. पण नानांना विचारल्याशिवाय तुमचंही अनुमानच आहे.

गोदाकाठ
विचारतो. रविवारी जातोय.

खारेपाट
आमच्याकडे विचारायला कोणी उरलं नाही म्हणून लिहितो.

मी अलिबाग तालुक्यातला. चरीचा संप १९३३ ला सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली २५ गावांतल्या कुळांनी खोतांची शेती करायचीच नाही असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत जमीन पडीक ठेवली. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्याच्या मागे हे सगळं होतं. तारखा, नावं, ठराव सापडतात. पण सहा-सात वर्षं शेती न करता चुली कशा पेटल्या? माझी पणजी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली. ती मी सात वर्षांचा असताना गेली. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "आई सांगायची, लय हाल झाले." झालं. सात वर्षांचं चार शब्दांत आलं माझ्यापर्यंत.

तेव्हा गोदाकाठ, "हौस आहे का" वगैरे विचारत बसू नका. तुमच्याकडे अजून माणसं आहेत.

सीमाभागी
वरचं वाचून हलायला झालं.

मी निपाणी भागातला. १४ मार्च ते ६ एप्रिल १९८१, तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बैलगाड्यांसकट ठाण मांडून होते. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. ते दिवस ते जत्रेसारखे सांगतात. कोणत्या गावची गाडी कुठे सोडली होती, भाकऱ्या कुठून यायच्या, रात्री भजन कोण म्हणायचं, कोणाचा बैल सुटला आणि कोणाच्या पिठाच्या पोत्यात तोंड घातलं. सगळं हसत हसत. आणि ५ एप्रिलच्या रात्रीपर्यंत आले की थांबतात. ६ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवसाचं एकच वाक्य मी आजवर ऐकलंय: "गाड्या उलट्या फिरल्या त्याचा आवाज झाला." पुढे नाही.

मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा धाडस झालं नाही. मीनलताई, अशा वेळी काय करता?

मीनल_क
थांबते. रेकॉर्डर चालू ठेवून गप्प बसते, आणि मग दुसरंच काही विचारते. तो थांबलेला वेळ कापायचा नाही, तोही ठेवायचा. उद्या कोणी ऐकलं तर त्याला कळेल की इथे माणूस थांबला.

आणि त्यांनी सांगितलंच पाहिजे असं नाही हो. आपल्याला फाईल पूर्ण करायचीय म्हणून त्यांनी ते पुन्हा का भोगावं?

हजेरीपट
इतका वेळ वाचत होतो. आता एक कडू बोलू का?

तुम्ही ज्यांना रेकॉर्ड करताय ते सगळे सातबारावाले. १९८० साली माझी आई तुमच्याच तालुक्यात रोजाने कांदा काढायला-कापायला जायची. तिच्या लेखी आंदोलनाचा आठवडा म्हणजे काम बंद, रोज बंद. घरात आम्ही चार. पण गंमत अशी की आंदोलनात ती पण होती! मालकाचा ट्रॅक्टर निघाला, सगळ्या बायांना वर बसवलं. मी विचारलं, घोषणा काय दिल्या? म्हणाली, "पुढची बाई म्हणंल ती." रोज मिळाला का त्या दिवसाचा? "नाही. भेळभत्ता दिला."

भाव वाढला की मजुरीही वाढेल, असं तेव्हा सांगायचे. वाढली की नाही यावर आई आणि तिच्या मालकाचं (आता दोघंही म्हातारे, एकाच पारावर बसतात) आजही एकमत नाही. दोघांना शेजारी बसवून रेकॉर्ड करा. फुकटात बघायला मी येतो.

शिवारफेरी
@हजेरीपट, हे कडू नाही, हे मुद्द्याचं आहे. पण "सगळे सातबारावाले" यात दोन एकरवालाही आला आणि वीस एकरवालाही. कोरडवाहू दोन एकरवाला स्वतः दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जायचाच की.

हजेरीपट
जायचा. पण त्याच्या नावाने घोषणा होती, आईच्या नावाने नव्हती. एवढंच.

उलटा_नांगर
संघटनेचं पुढे काय झालं ते पण रेकॉर्ड करा. १९९४ ला पक्ष काढला, खुल्या बाजाराची बाजू घेतली, २००४ ला जोशीसाहेब राज्यसभेत गेले. निम्मे कार्यकर्ते तेव्हाच

शिवारफेरी
खुल्या बाजाराची बाजू पहिल्यापासून होती. सरकार भाव पाडतं, हात काढून घ्या, हेच तर म्हणणं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत

उलटा_नांगर
मी ऐकत होतो, तुम्ही जन्मला होतात का?

संपादक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. जोशींच्या अर्थविचारावर याआधीच अकरा धागे आहेत, कृपया तिकडे जा.

तिरकस_तात्या
उडवलेले प्रतिसाद जपून ठेवा हो, पन्नास वर्षांनी कोणीतरी त्यांचा मौखिक इतिहास शोधत येईल.

मीनल_क
तात्या, गमतीत खरं बोललात. "संघटना का सोडली" हा प्रश्न मी नक्की विचारेन. लोक आत कसे आले ते सगळेच अभिमानाने सांगतात. बाहेर कसे पडले ते सांगताना आवाज बदलतो, आणि तिथे पाठ केलेलं भाषण नसतं.

सातबारा_कोरा
गोदाकाठ, तुमच्या गावापासून चांदवड किती, तासाभराचा रस्ता? ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला तिथे शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं होतं. त्याला गेलेल्या बायका गावात असणारच, त्यांना सोडू नका. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती निघाली, म्हणजे नवऱ्याने बायकोच्या नावावर आपखुशीने जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव.

आमच्या घरची गोष्ट सांगते. आजी कायम म्हणायची, "माझ्या नावावर दीड एकर हाये." गावात कार्यक्रम झाला, मांडव घातला, पाचवारी घेतली होती, आजोबांनी सगळ्यांसमोर कागद हातात दिला. साडीचा रंग, मांडव कुठे होता, जेवायला लापशी होती, सगळं बारीक सांगायची. ती गेल्यावर वारसाच्या कामासाठी मी जुने फेरफार काढले. (आता स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, गाव नमुना सहा, थोडी चिकाटी लागते.) नोंद सापडली! १९९० ची. आजीचं नाव, आजोबांचं नाव, सगळं बरोबर. क्षेत्र वीस गुंठे.

अर्धा एकर. दीड नव्हे.

आधी वाटलं, आजीच्या आठवणीत वाढलं असेल. मग आत्याला विचारलं. ती म्हणाली, "आईला वाचता कुठं येत होतं? बाबांनी दीड सांगितलं, तिने दीड धरलं." आजोबांनी का सांगितलं, चुकून की मुद्दाम, ते आता कोणालाच माहीत नाही.

@पुरावा_दाखवा, फक्त कागद असता तर मी म्हटलं असतं, वा, वीस गुंठे मिळाले. फक्त आजीचं बोलणं असतं तर म्हटलं असतं, वा, दीड एकर. दोन्ही समोर आल्यावर जे दिसलं ते घरात कोणाला बघायचं नव्हतं.

पुरावा_दाखवा
निरुत्तर. माझा वरचा "आठवणी म्हणून ठेवा" हा सल्ला मागे घेत नाही, पण त्यात भर घालतो: कागदही शेजारी ठेवा. तारीख लावायला अशा खुणा कामी येतात. दिवाळी, यात्रा, बहात्तरचा दुष्काळ, अंतुले मुख्यमंत्री असताना की नंतर. एका गृहस्थांनी मला हेच आंदोलन "आणीबाणीत झालं" म्हणून छातीठोक सांगितलं होतं. आणीबाणी ७७ ला संपली, अंतुले आले १९८० च्या जूनमध्ये. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात तुरुंग म्हणजे आणीबाणी एवढं घट्ट बसलेलं.

वऱ्हाडी_ठसा
आजीचा किस्सा वाचून जेवन गेलं नाई राव.

जुनी_कॅसेट
ठेवायचं कुठे, या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून अनुभव सांगतो. आमच्या मामांनी ८० च्या दशकात सभांच्या आणि गप्पांच्या चाळीसेक कॅसेट भरल्या होत्या. ते गेल्यावर आम्ही मोठ्या मनाने त्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाला दिल्या. सत्कार झाला, नारळ मिळाला. बारा वर्षांनी ऐकायला गेलो तर खोकं जिन्याखाली, फिती एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढरी बुरशी. लेबलं वाळवीने खाल्लेली. त्यातल्या पाच कॅसेट पुण्यात एकाकडून कशाबशा वाजवून घेतल्या. एकीत मामा आहेत. बाकीच्यांत कोण बोलतंय ते सांगणारं आता कोणी नाही.

तेव्हा द्या जरूर, पण प्रत द्या, मूळ देऊ नका. एक घरी, एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन. फाईलच्या नावातच गाव, माणूस, तारीख घाला. "न्यू रेकॉर्डिंग सत्तेचाळीस" नको. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाईल मूळ समजू नका, आवाज दाबला जातो.

लाल_टोपी
आम्हाला वाटायचं हे जुन्या लोकांचं दुखणं. मार्च २०१८ ला शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये नाशिक ते मुंबई चालत आलो, सहा दिवस. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून सायनहून रात्रीच उठून आझाद मैदानावर गेलो. माझ्या फोनमध्ये दोनशे व्हिडिओ होते. फोन बदलला. आज सात उरलेत, त्यातले तीन दुसऱ्यांचे फॉरवर्ड. इतक्यात गेलं सगळं.

मीनल_क
@लाल_टोपी, मग आजच बसा आणि आठवेल ते बोलून ठेवा. तुम्ही पण साक्षीदार आहात.

ओवीबाई
बायकांना मुलाखत म्हटलं की "मला काय येतंय, त्यांना विचारा" असं म्हणतात. गाणं म्हणा म्हटलं की येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बायकांनी नवऱ्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यांना धुतलंय. आंदोलनावर ओव्या असतील तुमच्याकडे. काकूंना विचारलंत का? तुम्ही अजून फक्त नानांबद्दलच लिहिलंय.

गोदाकाठ
@ओवीबाई, नाही विचारलं. मान्य.

एक अडचण मात्र वेगळीच आहे. गावात अजून कुजबुज आहे की तेव्हा कोण कुठे लपलंय ते आमच्याच एकाने पोलिसांना सांगितलं. नाव सगळ्यांना माहीत. तो माणूस गेला, पण त्याचा नातू माझा वर्गमित्र. हे रेकॉर्डिंगमध्ये आलं तर?

मीनल_क
येऊ द्या, पण तेवढा भाग ऑनलाइन टाकू नका. बोलणाऱ्यालाच विचारा, हे कोणाला, कधी ऐकू द्यायचं. कोणी म्हणतं, "मी गेल्यावर." ते लिहून ठेवायचं आणि पाळायचं.

हजेरीपट
आणि त्या नातवाच्या घरी पण जा. त्यांच्याकडे वेगळी गोष्ट असेल.

गोदाकाठ
मंडळी, रविवारी जाऊन आलो. पंखा बंद, विमान मोड, फोन उशीवर. बिल्ला नानांच्याच कपाटात सापडला, मागची पिन गंजलेली. हातात घेतला आणि पहिली पाच मिनिटं कोणी बोललंच नाही.

चांदण्याचं विचारलं. नाना वैतागले: "चांदण्या म्हंतोय मी. चंद्र कुठं म्हणलो? चंद्र असता तर पोलिसांना दिसलो नसतो का?"

@पुरावा_दाखवा, @शिवारफेरी, मिटलं.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "थंडीचं सांगताय ते माझ्या गोधडीचं पण सांगा की. माझ्या आईने शिवलेली. नेली अंगावर घेऊन, परत आलीच नाही." नाना म्हणाले, "दिली असंल कुनाला." काकू म्हणाल्या, "कुनाला?" आणि पुढचा दीड तास नाना एक शब्द बोलले नाहीत, काकूच बोलल्या. भाऊबीजेला माहेरी गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी निरोप आला, तान्हं लेकरू घेऊन उलट पावली आल्या. नाना आत असताना उरलेला कांदा दोन जावांनी काढला. आठ दिवस म्हशी त्यांनीच पिळल्या. ओवी म्हणाल्या नाहीत, म्हणाल्या, "जातं कधीच विकलं, आता कुठली ओवी." पुढच्या वेळी बघतो.

ओवीबाई
गोधडीचा रंग विचारलात का?

गोदाकाठ
विचारला. हिरव्या इरकलीचा काठ, मध्ये सासऱ्यांच्या धोतराचं पांढरं, आणि एका कोपऱ्यात चुकून लागलेला लाल तुकडा.

तिरकस_तात्या
सेक्रेटरीच्या घरी बघून या एकदा.